भाडेकरू नाही

मी बिंदुमाधव नीलकंठ केसकर. वय ब्याऐंशी. जन्म काशीत, रामघाटावरच्या गल्लीत झाला आणि दोन-चार प्रवास सोडले तर सगळं आयुष्यही इथेच गेलं. पन्नासहून जास्त वर्षं मी उल्हास मोकाशी नावाच्या माणसाबरोबर संसार करतो आहे. अशा नात्याबद्दल आता वर्तमानपत्रांतही छापून येतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा त्याविषयी कुणी धड बोलत नव्हतं आणि कायद्याच्या पुस्तकात आम्ही गुन्हेगार होतो. तरी आम्ही एका घरात, एका चुलीवर राहिलो. ते कसं जमलं, हे सांगावंसं वाटतं.

माझे वडील नीलकंठशास्त्री. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. घराच्या तळमजल्यावर त्यांची वेदपाठशाळा होती, दहा-बारा विद्यार्थ्यांची. अण्णांचा कान असा की वर पाहुण्यांशी बोलत बसलेले असले आणि खाली कुणाचा एक स्वर चुकला, तर बोलणं मध्येच थांबवून ते जिन्यातून फक्त एवढंच म्हणायचे, "पुन्हा." मग पाठ पहिल्यापासून. मीही मुंज झाल्यावर त्या रांगेत बसलो आणि आठ वर्षं बसलो. पुढे गणितात माझं डोकं चालतं असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा अण्णांनी मला विद्यापीठाची वाट मोकळी करून दिली. त्यांच्यासारख्या माणसाला ते सोपं गेलं नसणार.

पंधराव्या वर्षी मला माझ्याबद्दल कळलं. रामनगरहून भाजीची नाव घेऊन एक तरुण रोज सकाळी पंचगंगा घाटाला लागायचा. नाव बांधून तो पाण्यात उडी घ्यायचा, पोहून आला की ओल्या अंगानेच टोपल्या उतरवायचा. मी पायरीवर थांबून राहायचो. त्याने जाता-जाता "का हो पंडित" एवढं म्हटलं की माझा दिवस बरा जायचा. बरोबरची मुलं कन्याशाळेच्या फाटकाविषयी बोलत आणि मी मान हलवत राहायचो. माझ्यासारख्यांसाठी गल्लीत शब्द होते, पण त्या सगळ्या शिव्या होत्या. त्या शिव्यांमधला माणूस मी नाही, हे मला दिसत होतं. मग मी कोण, हे विचारायला मात्र कुठे जागा नव्हती. नऊ-दहा वर्षं मी गणितात तोंड खुपसून काढली. एम.एस्सी. झालो आणि एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, नोकरीला लागलो.

उल्हास आला एकसष्ट साली. मूळचा कऱ्हाडचा. बनारसला रेल्वेच्या इंजिनांचा कारखाना तेव्हा उभा राहत होता, तिथे तो ड्राफ्ट्समन म्हणून आला. मेसमधल्या जेवणाला कंटाळून मराठी घर शोधत तो रामघाटावर पोचला आणि आमच्या आईने त्याला रविवारी जेवायला ये म्हणून सांगितलं. आईचं नाव आनंदी, आणि भुकेल्या माणसाला पाहिलं की तिला खरोखरच आनंद व्हायचा. पहिल्याच रविवारी उल्हासने आमटीत गूळ जास्त झाला असं तोंडावर सांगितलं. आई हसली. मला तो माणूस तिथेच आवडला.

दोन वर्षं तो दर रविवारी येत राहिला. जेवण झालं की आम्ही दोघं फिरायला निघायचो. उन्हाळ्यात गंगेवर तरंगत्या पिपांचा पूल असायचा. एका रविवारी दुपारी त्या पुलावरून आम्ही रामनगरच्या वाळूत गेलो. तिथल्या मळ्यातून खरबूज घेतलं आणि सावली म्हणून एका उलट्या घातलेल्या नावेच्या आडोशाला बसलो. उल्हासने कऱ्हाडच्या एका मित्राची गोष्ट सांगितली. चार वर्षांची मैत्री होती, मग मित्राचं लग्न झालं आणि उल्हासने इतक्या लांबची नोकरी मुद्दाम धरली. मग खरबुजाच्या बिया वाळूत टाकत तो म्हणाला, "मी लग्न करणार नाही. का, ते तुला माहीत असावं असं वाटतं."

"माहीत आहे," मी म्हणालो.

एवढंच बोलणं झालं. परत येताना पूल हलत होता आणि उल्हासने माझा हात धरला. चांगला पुलाच्या शेवटापर्यंत धरला. समोरून दुधवाले येत होते, यात्रेकरू येत होते. कुणी वळूनही पाहिलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात हलकी दुपार.

पुढच्या वर्षी घरात माझ्या लग्नाची घाई सुरू झाली. ग्वाल्हेरच्या एका मराठी घरातली मुलगी, विद्युल्लता, वडिलांबरोबर मंगला गौरीच्या देवळाजवळ तिच्या मावशीकडे आली होती. मी आईला नाही म्हणत राहिलो, पण कारण सांगत नव्हतो. कारण न देता किती दिवस नाही म्हणणार? शेवटी मुलगी पाहायला जायचं ठरलं. आदल्या दिवशी उल्हासला सांगितलं. तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला. मग म्हणाला की लग्न करायचं तर कर, मी निघून जाईन, पण त्या मुलीला फसवू नकोस. तिचा यात काय गुन्हा?

मावशीच्या घरी पोहे झाले, प्रश्न झाले. मी मुलीशी पाच मिनिटं बोलायचं आहे असं म्हटलं तेव्हा सगळे गोंधळले, पण शिकलेला मुलगा म्हणून परवानगी मिळाली. आम्ही छतावर गेलो. मी पाठ केल्यासारखं बोललो. माझं एका माणसावर प्रेम आहे, तो पुरुष आहे, तुमच्याशी लग्न केलं तर दोघांचीही आयुष्यं वाया जातील, म्हणून खरं सांगतो आहे.

विद्युल्लता तेव्हा एकवीस वर्षांची. ती कठड्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, "तुम्ही मला हे सांगणार, हे त्यांना माहीत आहे?"

मी म्हटलं, सांग असं त्यानेच म्हटलं.

"मग बरा माणूस आहे," ती म्हणाली. "आता माझंही एक काम करा."

तिला संस्कृतात एम.ए. करायचं होतं आणि वडील लग्नाच्या मागे लागले होते. मी खाली जाऊन तिच्या वडिलांना सांगावं, की मुलीची बुद्धी असाधारण आहे, तिला आधी शिकू द्या. मास्तराचं मत म्हणून सांगावं. मी तसं सांगितलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वडील चक्रावले, पण तिला बनारसमध्येच मावशीकडे ठेवून त्यांनी विद्यापीठात घातलं. ती पुढे प्राध्यापक झाली. तिने लग्न केलंच नाही, तिची कारणं तिची. आम्हा दोघांना तिच्याइतका जवळचा मित्र दुसरा मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी मी घरी अण्णांना आणि आईला सांगून टाकलं. एकदा तोंड उघडल्यावर ते पुन्हा मिटवणं मला जमेना. आई रडली. मग रडता-रडता तिने विचारलं, उल्हासला हे माहीत आहे का, म्हणजे तोही तसाच का? मी हो म्हणालो. "तरीच," एवढंच ती म्हणाली. अण्णा उठले. उपरणं खांद्यावर टाकून ते खाली पाठशाळेत गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

मी आणि उल्हासने मंगला गौरीजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मालकिणीला सांगितलं, आम्ही दोघं राहणार. तिला भांडखोर बायकांचा अनुभव असल्याने दोन शांत नोकरदार पुरुष मिळाले म्हणून ती खूश होती. उल्हास स्वयंपाक करायचा, मी भांडी आणि पाणी बघायचो. त्याने भिंतीवर पेन्सिलने नकाशा काढून मगच फळ्या ठोकल्या. आई एकादशीला यायची, साबुदाणा घेऊन. अण्णा आले नाहीत. कॉलेजात जाताना मला पाठशाळेवरून जावं लागायचं. खिडकीतून त्यांचं "पुन्हा" ऐकू यायचं आणि मी क्षणभर थांबायचो. अशी सात वर्षं गेली.

एकाहत्तर साली कॉलेजच्या व्यवस्थापकांना एक निनावी पत्र आलं. कुणी लिहिलं ते मला अजून माहीत नाही आणि आता माहीत करून घ्यायचंही नाही. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. माझ्या वर्गांचे निकाल चांगले लागत, त्यामुळे मला ठेवावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी एक कागद टाइप करून आणला होता. त्यावर हिंदीत लिहिलं होतं की उल्हास मोकाशी हे माझ्या घरातले भाडेकरू आहेत, त्यांचा-माझा दुसरा कोणताही संबंध नाही आणि येत्या महिन्यात ते जागा सोडतील. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"दस्तखत कर दीजिए मास्टरसाहब," ते म्हणाले. "बात यहीं खत्म."

त्यांनी पेन पुढे केलं. मी ते हातात घेतलं, हे कबूल करतो. बाहेर घंटा झाली, नववीचा वर्ग माझी वाट पाहत असणार. मी तो कागद दोनदा वाचला. भाडेकरू. सकाळी मला डबा बांधून देताना ज्याने माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवलं होतं, तो माणूस. गेल्या थंडीत मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस ज्याने रजा काढली, तो. मी पेन टेबलावर ठेवलं.

मी हिंदीतच उत्तर दिलं. खोटं मी लिहून देणार नाही, आणि खरं काय आहे ते विचारण्याचा तुम्हाला हक्क नाही. मी गणित कसं शिकवतो ते विचारा, त्याचं उत्तर देतो.

त्यांनी दोन दिवस विचार करायला दिले. दोन दिवसांनी मी तेच सांगितलं आणि माझी नोकरी गेली. अकरा वर्षांची नोकरी. निरोप समारंभ नाही, काही नाही. नववीच्या वर्गाला दुसऱ्या दिवशी नवे मास्तर मिळाले.

घरी उल्हास खूश होईल असं मला वाटलं होतं. तो भयंकर चिडला. कागदावर सही केली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं, आपण काय ते आपल्याला माहीत होतं ना, असं म्हणाला. त्याच्या रागात भीती होती. माझ्यामागून त्याच्याही साहेबांना पत्र जाईल, कुणी पोलिसात जाईल, अशी ती भीती होती आणि ती खोटी नव्हती. मी म्हटलं की तुला भाडेकरू म्हणून लिहून द्यायला माझा हातच वळला नाही. तो म्हणाला, शौर्य दाखवायच्या आधी मला विचारायचं तरी. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एका चुलीवरचं जेवत होतो आणि बोलत नव्हतो.

चौथ्या दिवशी कारखान्यातून येताना त्याने पत्र्याची एक पाटी आणली. रात्रीचं जेवण न करता तो कंपास आणि पट्टी घेऊन बसला आणि त्याने आपल्या सुंदर, सारख्या अंतराच्या अक्षरांत लिहिलं: गणिताचे वर्ग, बी. एन. केसकर, तिसरा मजला. हिंदीत आणि मराठीत. "खाली ठोकून ये," तो म्हणाला. मी ठोकून आलो.

विद्युल्लता तेव्हा एका महिला महाविद्यालयात शिकवत होती. तिने तिच्या मावशीच्या नातीला, सुरेखाला, माझ्याकडे पाठवलं. तेरा वर्षांची सुरेखा माझी पहिली विद्यार्थिनी. महिनाभर ती एकटीच होती, मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या.

आणि त्याच महिन्यात एका दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. आमचा जिना एक्केचाळीस पायऱ्यांचा, उंच आणि काळोखा. मी दार उघडलं तर अण्णा. एकाहत्तर वर्षांचे, धापा टाकत. मी पाणी आणलं. पाय धुऊन ते पाटावर बसले आणि त्यांनी खोलीकडे पाहिलं. उल्हास कामावर होता. सात वर्षांनी ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं:

"सही केली नाहीस म्हणे."

"नाही केली."

"काय लिहिलं होतं कागदावर?"

मी शब्दन् शब्द सांगितला. ते डोळे मिटून ऐकत होते, विद्यार्थ्याचा पाठ ऐकतात तसे.

"म्हणजे एक शब्द मान्य केला असतास तर नोकरी राहिली असती."

"हो."

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुमचं हे मला समजत नाही. या वयात समजेल असंही वाटत नाही. पण मी जन्मभर पोरांना एक अक्षर इकडचं तिकडे करू दिलं नाही. तू माझ्याकडे आठ वर्षं बसलास, ते वाया गेलं नाही."

मी तांब्या पुन्हा भरून आणला. अण्णा पाणी प्यायले आणि त्यांनी उल्हास किती वाजता येतो ते विचारलं. साडेपाचला, मी म्हटलं. तेव्हा तीन वाजले होते. अण्णा थांबले. सुरेखा शिकायला आली, तिला मी त्रैराशिक शिकवलं, ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. साडेपाचला उल्हास आला. दारात त्याने अण्णांना पाहिलं आणि तो चप्पल काढायचंही विसरला. अण्णा त्याला म्हणाले, "या मोकाशी. चहा तुमच्या हातचा चांगला असतो असं हिची आई म्हणते." गोंधळात ते माझ्या आईला सुरेखाची आई करून बसले होते, आणि सुरेखा खो-खो हसली. त्या हसण्याने आम्ही तिघं पुरुष वाचलो.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. पाय चालत होते तोवर दर गुरुवारी यायचे. ते आणि उल्हास जास्त बोलत नसत. उल्हास त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि एखादा संस्कृत शब्द चुकीचा उच्चारला की अण्णा "पुन्हा" म्हणायचे. उल्हास निमूट पुन्हा म्हणायचा. एकदा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एका वजनदार गृहस्थाने सर्वांसमोर अण्णांना खोचकपणे विचारलं, तुमच्या मुलाकडे राहतात ते कोण? मी चार हात अंतरावर उभा होतो. अण्णांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "मोकाशी. आमच्या घरचे आहेत." आणि आरतीची वेळ झाली म्हणून सर्वांना उठवलं. मला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं तेव्हासुद्धा माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

उल्हासच्या साहेबांना कधी पत्र गेलं नाही, किंवा गेलं असेल तर त्यांनी टोपलीत टाकलं असेल. तो मुख्य ड्राफ्ट्समन होऊन निवृत्त झाला. माझ्या वर्गांतून तीस वर्षांत शेकडो मुलं-मुली गेल्या. कुजबुज होती, कधी कुणी आईबाप मूल काढून घ्यायचे. पण बाकीचे राहायचे. आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं आणि लोक आत येऊन बघायचे की आत दोन माणसं राहतात, एक वरण फोडणीला टाकतो आहे, दुसरा प्रमेय सोडवतो आहे. हळूहळू बघण्यासारखं काही उरलं नाही.

आता शेवटचं सांगतो. दोन हजार तीन सालची दिवाळीआधीची गोष्ट. सुरेखा आली. पंचेचाळिशीची झाली होती, स्वतः बँकेत अधिकारी. तिच्या हातात मिठाई नव्हती आणि चेहरा ओढलेला होता. ती खुर्चीवर बसली, ओढणीशी खेळत राहिली. मग हिंदीत सुरू झाली, अर्ध्यावर मराठीत आली. तिचा मुलगा बंगळुरूला नोकरी करत होता. त्याने फोनवर तिला सांगितलं होतं. काय सांगितलं, ते तिला उच्चारता येईना.

"सर, तुमच्यासारखंच," ती म्हणाली.

मी उठून तिला पाणी दिलं. ती म्हणाली की आठ दिवस झाले, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. मुलाला तिने म्हटलं, नंतर बोलू, आणि फोन ठेवला. तेव्हापासून त्याचाही फोन नाही. मग तिने वर पाहिलं. "मी लहानपणापासून या घरात येते आहे. कधी विचारलं नाही. आज विचारते. सुखी होता येतं का, सर? खरं सांगा."

स्वयंपाकघरात उल्हास कुकरच्या शिट्टीवर चिडून काहीतरी पुटपुटत होता. त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे तो स्वतःशी मोठ्याने बोलायचा. मी तिला खरं सांगितलं. भीती होती, खूप वर्षं होती. नोकरी गेली. काही नातेवाइकांनी दार बंद केलं ते कायमचं. उल्हासच्या बहिणीच्या लग्नाला आम्हाला बोलावणं आलं नाही, ते तो अजून विसरलेला नाही. आणि तरी गेली एकोणचाळीस वर्षं रोज सकाळी जाग आल्यावर याच घरात जाग आली म्हणून मला बरं वाटलं आहे. एक दिवसही दुसऱ्या कुणाचं आयुष्य हवंसं वाटलं नाही.

"हो," मी म्हणालो. "होता येतं. पण घरचं एक माणूस बाजूने असलं तर फार सोपं जातं."

सुरेखा रडली नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने उल्हासच्या हातातून झारा घेतला. तिघांनी जेवण केलं. जेवण झाल्यावर आमच्याच फोनवरून तिने बंगळुरूचा नंबर फिरवला. आम्ही दोघं छतावर जायला उठलो, तर तिने हाताने थांबा म्हणून खूण केली. पलीकडून आवाज आल्यावर ती म्हणाली, "बेटा, मी आई बोलते आहे. दिवाळीला घरी ये. आणि तुझा जो मित्र आहे, त्यालाही घेऊन ये. माझ्या सरांकडे जेवायला जायचं आहे."

ते आले. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आले, दोघं उंच, दोघं लाजरे. उल्हासने सकाळपासून पुरणपोळीचा घाट घातला होता. मुलाचा मित्र तमिळ होता, त्याला पुरणपोळी ठाऊक नव्हती. त्याने चार खाल्ल्या आणि पाचवी मागताना मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे पाहिलं. सुरेखाने पोळी वाढली आणि वर तूप घातलं.